बैलाच्या पोटातलं मंगळसूत्र ते कांद्याच्या वाफ्यातली अंगठी : मेटल डिटेक्टर हरवलेलं सोनं खरंच शोधून देतो का?

३० ऑगस्ट २०१९. बैलपोळ्याचा दिवस. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रायते वाघापूरमध्ये एका घरी बैलांची पूजा चालू होती. ताटात पुरणपोळीचा नैवेद्य. सोन्याचा दागिना बैलाच्या कपाळाला लावायची तिथे पद्धत आहे. घरच्या बाईंनी मंगळसूत्र काढलं, तेवढ्यात लाईट गेली. मंगळसूत्र ताटात ठेवून त्या मेणबत्ती आणायला आत गेल्या. परत येऊन बघतात तर ताट रिकामं. बैलानं पुरणपोळीबरोबर मंगळसूत्रही गिळलं होतं.

नवऱ्यानं बैलाच्या तोंडात हात घालून बघितलं, पण उपयोग झाला नाही. मग पुढचे आठ दिवस त्या घरात एकच काम होतं, शेण तपासायचं. त्यातूनही काही निघालं नाही. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर मेटल डिटेक्टर बैलाच्या अंगावरून फिरवला आणि तो वाजला. मंगळसूत्र पोटातच अडकलं होतं. ऑपरेशन करून ते बाहेर काढावं लागलं. किंमत साधारण दीड लाख.

चार वर्षांनी, २०२३ मध्ये, वाशिम जिल्ह्यातल्या सारसी गावात जवळपास हेच घडलं. अंघोळीला जाताना काढलेलं मंगळसूत्र सोयाबीन आणि शेंगांच्या टरफलांच्या ताटात राहिलं आणि ते ताट म्हशीपुढे गेलं. गळ्यात मंगळसूत्र नाही हे लक्षात येईपर्यंत काही तास उलटून गेले होते. तिथेही डॉक्टरांनी मेटल डिटेक्टरनं खात्री केली, मग सुमारे दोन तास ऑपरेशन चाललं. म्हशीला साठ-पासष्ट टाके पडले, पण मंगळसूत्र मिळालं.

दोन्ही बातम्या व्हायरल झाल्या, लोक पोट धरून हसले. पण ज्या घरात हे झालं तिथे हसण्यासारखं काही नव्हतं. एका बाजूला आयुष्यभराची कमाई, दुसऱ्या बाजूला घरचं जनावर. आणि सोन्याचा भाव बघा. त्या पोळ्याच्या सुमारास १० ग्रॅमला चाळीस हजारांच्या आसपास असलेलं सोनं एप्रिल २०२५ मध्ये एक लाखाला टेकलं. त्यामुळे अंगठी हरवली तर 'जाऊ दे, नवी घेऊ' म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

मग साहजिकच डोक्यात येतं, मेटल डिटेक्टर आणावा का? तो सोनं शोधतो म्हणजे नक्की करतो काय?

आधी जनावराचं बघू

गाय, बैल, म्हैस वैरण चावत बसत नाहीत. जिभेनं ओढायचं, गिळायचं आणि निवांत रवंथ करायचं असा त्यांचा कारभार. त्यामुळे घासात खिळा आहे की अंगठी, हे त्यांना कळत नाही. जड वस्तू पोटात गेली की बहुतेक वेळा पुढच्या कप्प्यात, म्हणजे जाळीपोटात, जाऊन बसते. तिथली आतली बाजू मधमाशीच्या पोळ्यासारखी असते, वस्तू त्यात अडकते. म्हणूनच शेण तपासून सोनं हाती लागेल याची खात्री नसते.

तार किंवा खिळा गेला असेल तर मामला जास्त गंभीर. जाळीपोटाच्या पुढेच पडदा आणि त्यापलीकडे हृदय असतं, टोकदार वस्तू तिथपर्यंत टोचत जाऊ शकते. यावर जनावराच्या पोटात चुंबक सोडायचा उपाय केला जातो, लोखंड त्याला चिकटून राहतं. पण सोनं, चांदी, तांबं चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे मंगळसूत्राच्या बाबतीत चुंबकाचा उपयोग शून्य.

मेटल डिटेक्टर मात्र चुंबकासारखा ओढाओढीवर चालत नाही.

इंडक्शन शेगडी आणि डिटेक्टर, दोघे चुलत भाऊ

डिटेक्टरच्या खालच्या गोल थाळीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून जाणारी वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते, त्यामुळे भोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. या क्षेत्रात धातूची वस्तू आली की त्या वस्तूतच विजेचे छोटे छोटे भोवरे फिरायला लागतात. इंडक्शन शेगडीवर भांडं तापतं ते याच भोवऱ्यांमुळे. डिटेक्टरमध्ये ताकद अगदी कमी असल्यामुळे वस्तू तापत नाही, पण त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि थाळीतलं दुसरं वेटोळं ते टिपतं. आपल्याला ऐकू येतो तो 'बीप'.

यातली मेख अशी, की यंत्राला 'सोनं' कळत नाही. त्याला फक्त एवढं कळतं की इथं वीज वाहून नेणारं काहीतरी आहे, आणि ते साधारण किती सहज वाहून नेतंय. महागड्या यंत्रांच्या स्क्रीनवर आकडा येतो, पण लहान सोन्याच्या अंगठीचा आकडा आणि ॲल्युमिनियमच्या तुकड्याचा आकडा बऱ्याचदा एकाच पट्ट्यात पडतो. कचऱ्याचे आवाज नकोत म्हणून यंत्रावर 'फक्त मौल्यवान धातू' सारखी सेटिंग लावली, तर कचऱ्याबरोबर अंगठीही गाळली जाते. हरवलेला दागिना शोधताना प्रत्येक आवाज उकरून बघावा लागतो, त्याला शॉर्टकट नाही.

आणि आजूबाजूला लोखंड असेल तर सगळंच बिघडतं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १८८१ चं आहे. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली, ती नक्की कुठे आहे हे कळेना. एक्स-रेचा शोध अजून लागायचा होता. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं यंत्र घेऊन आले. यंत्र बाकी ठिकाणी नीट चालायचं, राष्ट्राध्यक्षांच्या पलंगावर मात्र गोंधळायचं. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. त्यात मुख्य डॉक्टरांनी शरीराची उजवी बाजूच तपासू दिली, गोळी निघाली डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले.

यंत्र बरोबर होतं, शोधायची जागा चुकली होती. हे पुढे लासलगावच्या शेतातही कामाला येणार आहे.

लासलगावच्या वाफ्यात अंगठी पडली तर?

निफाड तालुक्यातलं लासलगाव म्हणजे कांद्याची राजधानी. या पट्ट्यात उन्हाळ कांद्याची लागण होते ती ऐन थंडीत. सकाळच्या गारठ्यात, पाणी सोडलेल्या वाफ्यात बाया ओळीनं बसून रोपं लावतात. थंडीनं आणि गार पाण्यानं बोटं थोडी आकसतात, हात चिखलानं निसरडे झालेले असतात. एरवी घट्ट बसणारी अंगठी अशा वेळी कधी निसटते ते कळत नाही. कळतं ते दुपारच्या भाकरीला हात धुताना.

इथली जमीन हा डिटेक्टरसाठी वेगळाच विषय आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा काळा दगड झाला आणि त्या दगडाची झीज होऊन ही काळी माती झाली. त्यामुळे मातीत लोहाची खनिजं भरपूर. यंत्र जमिनीवर धरलं की खाली काही नसतानाही ते कुरकुरतं. त्यावर उपाय म्हणजे 'ग्राउंड बॅलन्स'. रिकाम्या जमिनीवर यंत्र वर-खाली करून त्याला सांगायचं, की हा मातीचा आवाज आहे, याच्याकडे लक्ष देऊ नको. ऑनलाईन मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांत ही सोय नसते किंवा नावापुरती असते, आणि काळ्या रानात ती फसतात ती इथेच.

काळ्या मातीची आणखी एक खोड म्हणजे उन्हाळ्यातल्या भेगा. एप्रिल-मेमध्ये रान फाटतं, हात जाईल एवढ्या फटी पडतात. साधं यंत्र अंगठीएवढी वस्तू पकडतं ती सात-आठ इंचांपर्यंत, तेही जमीन चांगली असेल तर. अंगठी भेगेत घरंगळली तर ती यंत्राच्या टप्प्याबाहेर जाऊ शकते. अशा वेळी पाणी देऊन भेग मिटवण्याआधी टॉर्च लावून आत बघणं जास्त शहाणपणाचं.

द्राक्षबागेत तर बेलची गोष्टच पुन्हा घडते. लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा, खाली पडलेले तारांचे तुकडे. मोठी थाळी तिथे सतत वाजत राहणार. अशा जागी छोटी थाळी, किंवा हातात धरायचं पेन्सिलसारखं छोटं यंत्र आणि भरपूर चिकाटी, एवढंच चालतं.

अंगठी सापडते, चेन का सापडत नाही?

हे फार कमी लोकांना माहीत असतं. अंगठी म्हणजे बंद गोल. त्यात विजेचा भोवरा मस्त फिरतो, म्हणून ती वजनाला लहान असली तरी बऱ्यापैकी वाजते. उलट नाजूक चेन वजनाला अंगठीपेक्षा जड असली तरी यंत्राच्या लेखी ती एक वस्तू नसते, तर शेकडो बारीक कड्या असतात. प्रत्येक कडीत इवलासा भोवरा, आणि एवढ्याशा खुणेची बऱ्याचदा दखलच घेतली जात नाही. एक तोळ्याची चेन यंत्राखालून निसटते आणि बाटलीचं बूच ठणाणा वाजतं, हे त्यामुळे.

मंगळसूत्राचं काय? काळे मणी तर काचेचे, ते यंत्राला दिसतच नाहीत. पण मंगळसूत्राच्या वाट्या असतात ना, त्या सलग पत्र्याच्या, म्हणून त्या वाजतात. मंगळसूत्र शोधताना खरं तर वाट्याच शोधायच्या असतात. नथीत मोती जास्त आणि सोन्याची तार कमी, ती सगळ्यात अवघड. तुटलेली अंगठी, जिचा गोल उघडा पडलाय, तीही अखंड अंगठीपेक्षा कमी वाजते. म्हणून हरवलेल्या जागेवर रोटाव्हेटर फिरवू नये. एक तर दागिना खोल जातो, वर त्याचे तुकडे होतात.

दुसऱ्याचा दागिना शोधायला जाताना

परदेशात हा अनेकांचा छंद आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ख्रिस टर्नर यांनी 'द रिंग फाइंडर्स' नावाची यादीच सुरू केली, ज्यात वेगवेगळ्या देशांतले डिटेक्टरवाले आहेत. अंगठी हरवली की आपल्या भागातल्या माणसाला बोलवायचं, आणि मोबदला बहुतेक ठिकाणी अंगठी सापडल्यावर, मालकाच्या खुशीनं. आपल्याकडे असा मदतनीस मिळणं दुर्मीळ. ज्याच्याकडे यंत्र आहे, तोच गावाचा रिंग फाइंडर.

त्याचं निम्मं काम यंत्र चालू करण्याआधी होतं. दागिना शेवटचा कधी दिसला, त्यानंतर कुठे कुठे बसणं-उठणं झालं, हात कुठे धुतले, वाफ्याच्या कोणत्या टोकापासून सुरुवात केली होती. घाबरलेल्या माणसाला हे पटकन आठवत नाही, त्याला चहा पाजून, शांतपणे, जागेवर नेऊन विचारावं लागतं. मोबाईलचा इथे भारी उपयोग होतो. त्या दिवशीचे फोटो उघडायचे, कोणत्या फोटोत बोटात अंगठी आहे आणि कोणत्यात नाही ते बघायचं. प्रत्येक फोटोवर वेळ असते. दोन एकराचं रान दोन वाफ्यांवर येतं.

मग त्या जागेवरची वर्दळ थांबवायची. शोधाशोध करायला आलेले दहा जण चिखलात अंगठी अजून खाली तुडवतात. चार खुंट्या, सुतळी, आणि वाफ्याच्या लांबीनं सरळ पट्टे. थाळी जमिनीला जवळपास चिकटवून, हळू फिरवायची, आणि आधीच्या फेरीवर थोडी चढवायची, म्हणजे मध्ये जागा सुटत नाही.

त्याआधी एक सोपी चाचणी. दुसऱ्या कोणाची तशीच अंगठी दोरा बांधून जमिनीवर ठेवायची आणि यंत्राचा आवाज कानात बसवायचा. दोरा विसरू नका, नाहीतर शोधायला दोन अंगठ्या होतील. शोधणाऱ्यानं हातातलं कडं, पायातले खिळेवाले बूट, खिशातला मोबाईल लांब ठेवायचा. बाईमाणूस यंत्र धरत असेल तर पैंजण आणि जोडवीसुद्धा वाजतात. आवाज आला की आडवं-उभं दोन्ही बाजूंनी फिरवून नेमका बिंदू धरायचा. तिथे लोखंडी खुरपं मारलं तर यंत्र खुरप्यालाच वाजणार आणि दागिन्याला ओरखडा जाणार, म्हणून हातानं किंवा प्लास्टिकच्या डब्यानं माती उचलायची. उचललेला मातीचा गोळा थाळीवरून फिरवायचा. वाजला तर वस्तू गोळ्यात, नाही तर अजून खाली.

चेन किंवा नथ असेल तर यंत्रावर विसंबून न राहता संशयाच्या जागेची वरची माती चाळणीतून काढणं बरं. सोनाराच्या दुकानातली माती, राख धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले, आणि त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारं काही नव्हतं.

कांदा काढणीत किंवा पात कापताना अंगठी पडली असेल, तर ती कांद्याबरोबर चाळीत गेलेली असू शकते. तिथे यंत्र घेऊन जाऊ नका. चाळीला बऱ्याचदा लोखंडी जाळी आणि अँगल असतात, म्हणजे पुन्हा गारफिल्डचा पलंग. उलटं करा. यंत्र सपाट, मोकळ्या जागेवर ठेवा आणि कांदे प्लास्टिकच्या क्रेटमध्ये थोडे थोडे भरून त्याच्यावरून न्या. अन्न पॅक करणाऱ्या कारखान्यांत हेच होतं, माल पट्ट्यावरून जातो आणि डिटेक्टर जागेवर असतो. आणि माल ट्रॉलीतून मार्केटला गेला असेल तर व्यापाऱ्याच्या खळ्यावर लगेच फोन करा. तिथे निवड होते तोवर आशा आहे, एकदा कांदा गोणीत भरून परराज्यात निघाला की काय करणार?

'५० मीटर खोलवरचं सोनं दाखवतो' म्हणणारं यंत्र

यूट्यूबवर आणि फेसबुकवर अशा यंत्रांचे व्हिडिओ ढिगानं आहेत. हातात मूठ, पुढे अँटेना, आणि ती आपोआप सोन्याच्या दिशेला वळते. जमिनीतली अंगठी फूटभर खोल गेली तरी चांगली यंत्रं हात टेकतात, हे लक्षात ठेवलं तर या दाव्याचं काय करायचं ते कळेल.

या प्रकारच्या फसवणुकीनं माणसं मेली आहेत. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसानं गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायच्या खेळण्यावरून बेतलेलं अँटेनावालं यंत्र 'बॉम्ब डिटेक्टर' म्हणून इराकला विकलं. आत काहीच चालत नव्हतं. बगदादच्या तपासणी नाक्यांवर त्याच्या भरवशावर गाड्या सोडल्या गेल्या. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे यात गुप्तधनाची भर पडते. यंत्रवाल्यापाठोपाठ मांत्रिक येतो आणि पूजा मागतो. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

मार्च २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आल्यावर आपल्या सीमेलगतच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगडाजवळ काय झालं ते अनेकांनी रील्समध्ये बघितलं असेल. मुघलांचं सोनं पुरलंय म्हणून लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. शेत दुसऱ्याचं, खड्डे यांचे.

सापडलं, तर ते कोणाचं?

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमिनीत पुरून ठेवलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. हो, मर्यादा अजून दहा रुपयेच आहे. संरक्षित किल्ले आणि स्मारकांच्या आवारात तर परवानगीशिवाय उकरणंच बेकायदा.

गेल्या आठवड्यात वाफ्यात पडलेली अंगठी मात्र गुप्तधन नाही. ती जिची होती तिचीच राहते, शेत कोणाचंही असो. मालक माहीत असताना किंवा थोड्या प्रयत्नानं कळण्यासारखा असताना वस्तू खिशात घातली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा होऊ शकतो. सापडलेली वस्तू मालकाला मिळेपर्यंत सांभाळणं ही शोधणाऱ्याची जबाबदारी, हे १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ सांगतं.

त्याच कायद्याचं कलम १६८ शोधणाऱ्याच्या बाजूनंही बोलतं. स्वतःहून घेतलेल्या मेहनतीचे पैसे मागायला कोर्टात जाता येत नाही, पण मालकानं ठरावीक इनाम जाहीर केलं असेल आणि वस्तू मिळाल्यावर तो फिरला, तर शोधणारा त्या इनामासाठी दावा करू शकतो आणि ते मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवू शकतो. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'शोधून देणाऱ्यास ५ हजार' असं टाकण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

तो मेसेज लिहिताना दागिन्याचा पूर्ण फोटो आणि सगळं वर्णन टाकू नये. एखादी खूण, म्हणजे आतल्या बाजूला कोरलेलं अक्षर, वजन किंवा कुठे झाळ लावलीय ते, स्वतःजवळ ठेवावी. अंगठी सापडल्याचा फोन आला की आधी ती खूण विचारायची. आणि शोधणाऱ्यानंही अंगठी देताना मालकिणीला हाच प्रश्न, चार माणसांसमोर, विचारायचा.